जुडी केवढी धरू?

गुरुजींनी ओंजळभर चिंचोके माझ्यापुढं जमिनीवर भिरकावले. गोळा कर, मोज आणि किती झाले ते पाटीवर लिही, म्हणाले.

मी दुसरीत होतो, पण वयानं थोराड. तांड्यातली पोरं शाळेत उशिरा पोचायची. पोचली तर. फुलसावंगीकडच्या भागात आमचा तांडा, आणि तांड्यापासून अर्ध्या कोसावर गाव. त्या गावची ही शाळा. गावची पोरं सतरंजीवर बसायची. आम्ही दोघं-तिघं लमाणांची पोरं भिंतीकडेला, उघड्या फरशीवर. असं बसा म्हणून कोणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नव्हतं.

मी चिंचोके मोजले. आमच्या रीतीनं. तांड्यात सगळे विसावर मोजायचे. हाताची बोटं संपली की पायाची. पायाची संपली की एक वीसी झाली. एक खडा बाजूला ठेवायचा आणि पुन्हा पहिल्या बोटापासून सुरू. याडी, म्हणजे माझी आई, शेळ्या अशाच मोजायची, फेटियाला, म्हणजे घागऱ्याला, लावायच्या कवड्याही अशाच. मी वीस चिंचोक्यांचा एक ढीग केला. मग दुसरा. पाच उरले. आमच्या बोलीत, दी वीसी न पाच. गुरुजींनीच शिकवलं होतं की ढिगांचा आकडा डावीकडं लिहायचा, सुट्यांचा उजवीकडं. तसं केलं. डावीकडं दोन, उजवीकडं पाच. वर पाहिलं. मी खूश होतो. बाकी पुष्कळ विसरलो, पण त्या क्षणी मी खूश होतो, हे विसरलो नाही.

चिंचोके गुरुजींनी आधीच मोजून आणले होते. पंचेचाळीस. माझ्या पाटीवर पंचवीस. त्यांनी पाटी उचलून वर्गाला दाखवली. ढीग माझ्या पायापाशी होते. दोन ढीग, पाच सुटे. नजर थोडी खाली केली असती तर दिसले असते. केली नाही.

"लमाणाचं डोकं पंचविसाच्या पुढं चालत नाही. बैलांच्या मागं फिरून बैल झालेत."

वर्ग हसला. भिंतीकडेची पोरंही हसली, कारण नसतं हसलं तर पुढची पाळी त्यांचीच होती. मग गुरुजींनी सुतळी मागवली. पाटीच्या चौकटीला भोक होतं, त्यातून ओवली, आणि २५ लिहिलेली पाटी माझ्या गळ्यात बांधली. शाळेच्या दारात उभं राहायचं. बाजार उठेपर्यंत.

तो बाजाराचा दिवस होता. शाळेचं दार बाजाराच्या रस्त्यावर. येणाराजाणारा वाचायचा, ज्याला वाचता येत नसे तो दुसऱ्याला विचारायचा. गुरुजी आतून सांगायचे, याला पंचेचाळीस लिहायला सांगितलं होतं हो. लोक हसायचे. एक जण म्हणाला, "जाऊ द्या गुरुजी, लमानाच्या पोट्ट्याले कायले शिकवता." त्याला वाटत होतं तो माझी बाजू घेतोय.

दुपारी याडी आली. डोक्यावर मोळी, सोबत तांड्यातल्या चार बाया. मी तिला लांबून पाहिलं. पळून जावं वाटलं. ती जवळ आली, मोळी खाली टाकली आणि पाटीकडं पाहत राहिली. तिला अक्षर येत नव्हतं, आकडाही नाही. शाळेच्या दारात सगळ्या बाजारासमोर आपल्या पोराला उभं केलंय आणि गळ्यात काहीतरी घातलंय, एवढंच तिला दिसलं. तिला वाटलं, गुरुजींनी माझा मान केला.

ती हसली. ओढणीच्या टोकानं पाटीची चौकट पुसली. वाकडी झालेली सुतळी सरळ केली. बायांना हाक मारून जवळ बोलावलं. "आचो छ," म्हणाली. छान आहे. बाया माझ्याभोवती उभ्या राहिल्या, बांगड्या वाजवत, एकमेकींना दाखवत. आत गुरुजी पोट धरून हसत होते. याडीनं त्यांच्याकडं पाहून हात जोडले.

मी तिला काही सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही बरीच वर्षं नाही.

त्यानंतर मी पाठांतराच्या मागं लागलो. झपाटल्यासारखा. तिसापर्यंतचे पाढे, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी. रानात शेळ्यांमागं औटकी म्हणत फिरायचो. औट म्हणजे साडेतीन, हे मला कितीतरी नंतर कळलं. तोवर ते माझ्यासाठी नुसतं तोंडातलं वारं होतं. त्याच सुमाराला नवे पैसे आले. आणे गेले, पै गेली. बाजारात माणसं गोंधळली, दुकानदार शंभराचा हिशोब शिकायला लागले. शाळा मात्र पावकी-निमकी घोकतच राहिली. बाहेर जग बदललं म्हणून घोकंपट्टी बदलेल, तर ती शाळा कसली.

पण घोकणाऱ्याचं नाव होतं. गुरुजी मला पाहुण्यांपुढं उभा करायला लागले. पाटी घालून नव्हे, पाढे म्हणायला. एकोणतीसचा पाढा मी श्वास न घेता म्हणायचो. लोक म्हणायचे, लमानाचा असून हुशार आहे. त्या 'असून'चा घोट मी गिळायचो. आत कुठंतरी मलाही वाटायला लागलं होतं की पाटीनं माझं भलं केलं. छडी लागे छमछम, विद्या येई घमघम, म्हणतात ना. मार खाणाऱ्यालाच ते आधी पटवतात.

सातवी पास झालो. यवतमाळला मास्तरकीच्या शिक्षणाला गेलो. तांड्यातून पहिला. तिथं एक प्राध्यापक होते, त्यांनी पहिल्याच आठवड्यात फळ्यावर लिहून दिलं: ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे. मुलाला जे ठाऊक आहे तिथून सुरू करावं, मग जे ठाऊक नाही तिकडं न्यावं. सोन्यासारखं वाक्य. आम्ही ते पाठ केलं. परीक्षेत लिहिलं, मार्क मिळाले. तांड्यातल्या पोराला काय ठाऊक असतं, कोलाम आदिवासी पोराला काय ठाऊक असतं, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. मला तर सगळं माहीत होतं, आणि तरी तोंड उघडलं नाही. तिथंच एकदा शिक्षकांच्या मेळाव्यात जेवणाच्या पंगतीत एक किस्सा ऐकला. कुठल्याशा शाळेत एका लमाण्याच्या पोरानं पंचेचाळीसला पंचवीस लिहिलं, गुरुजींनी पाटी गळ्यात बांधली, तर त्याची आई येऊन पाया पडली. पंगत हसली. सांगणारा कोण होता मला माहीत नव्हतं, त्याला मी माहीत नव्हतो. किस्सा एवढा फिरला होता की त्याला आता मालक उरला नव्हता. माझ्या पानातलं वरण तसंच राहिलं.

मास्तर झालो. नेमणूक मिळाली ती आमच्याच तालुक्यात, एका तांड्याला लागून असलेल्या गावात. याडीला कोण आनंद. तिनं विचारलं, तू पण हुशार पोरांच्या गळ्यात तशी पाटी घालतोस का?

नाही, म्हणालो. आमच्या शाळेत तशी पद्धत नाही.

घालत जा, म्हणाली. त्यांच्या आयांना बरं वाटेल.

त्या शाळेत जमनी होती. तांड्यातली एकुलती एक पोरगी शाळेत येणारी. तिच्या बापाला मी हजार विनवण्या करून आणली होती. बाप आमच्या बोलीत बोलला होता, चिडून नव्हे, घाबरून. म्हणाला, पाठवतो. पण गावातली माणसं तिला हसली, तर त्याच दिवशी नाव काढून टाकीन. तांड्यात मला तोंड दाखवायचं असतं. मी शब्द दिला. माझ्या वर्गात हसू देणार नाही.

पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्या आणून मी दशक शिकवत होतो. दहा काड्यांची एक जुडी, जुड्या डावीकडं, सुट्या काड्या उजवीकडं. जमनीला काड्यांचा भारा दिला, म्हटलं मोज. ती मन लावून मोजत बसली. मी दुसऱ्या रांगेकडं गेलो. परत येऊन पाहतो तर तिनं दोन जाड जुड्या बांधल्या होत्या. पाच काड्या सुट्या. पाटीवर २५.

पहिल्यांदा माझं तोंड उघडलं ते ओरडायला. मास्तर झालो होतो ना. मग खाली पाहिलं.

जुड्या तिथंच होत्या. तिच्या पायापाशी. मी एक सोडून मोजली. वीस. दुसरी, वीस.  एवढी वर्षं मी जे माझं मठ्ठपण समजत होतो ते माझ्या हातात होतं, सुतळीनं बांधलेलं, आणि त्यात एक काडीही चुकीची नव्हती. पोरगी बरोबर होती. मी बरोबर होतो. गणिताचं मूळ तत्त्व, आकड्याची किंमत तो कुठं बसलाय त्यावर ठरते, ते मला दुसरीतच कळलं होतं. गुरुजी दहाची जुडी बांधत होते, मी विसाची. एवढाच फरक. आणि एवढ्या फरकासाठी माझ्या आईनं हात जोडले होते.

राग आला. कुणाचा ते नीट कळेना, म्हणून सगळ्यांचाच आला. गुरुजींचा, प्राध्यापकांचा, त्या पंगतीचा. आमचे आजे-पणजे शेकडो बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूखच्या मुलूख फिरले. ते काय न मोजता फिरले?

जमनी घाबरून माझ्याकडं बघत होती. मी तिला विचारलं, कसं केलंस? तिनं बोटं दाखवली, हाताची आणि पायाची. मी म्हटलं, बरोबर आहे. आता प्रत्येक जुडी सोडून दहा-दहाच्या दोन बांध. तिनं बांधल्या. दोनच्या चार जुड्या झाल्या. पाच सुट्या. लिही. तिनं ४५ लिहिलं आणि बराच वेळ दोन्ही आकड्यांकडं पाहत बसली. मग म्हणाली, दोन्ही खरे? मी म्हटलं, दोन्ही खरे. फक्त जुडी केवढी ते आधी सांगायचं. शाळेत सगळ्यांनी दहाची धरायची असं ठरलंय.

कोणी ठरवलं, तिनं विचारलं.

असं गणित मला कोणी शिकवलं नव्हतं, आणि असा प्रश्न मी कधी विचारला नव्हता. पुढचे काही महिने त्या वर्गात पाढे कमी आणि काड्या जास्त होत्या. पोरं बाराच्या जुड्या बांधून पाहायची, पाचाच्या बांधायची, भांडायची, पुन्हा सोडायची. गावातली पोरंही. पाटलाचा पोरगा वीसीत मोजायला शिकला आणि घरी जाऊन शिव्या खाऊन आला.

मग तपासणी आली.

जीपमधून विस्तार अधिकारी उतरले आणि मी ओळखलं. तेच गुरुजी. केस पांढरे, अंगावर कोट, बाकी तेच. यवतमाळच्या वकील-कारकुनांच्या घराण्यातले, त्यांना वर चढायला वेळ लागला नव्हता. त्यांनी मला ओळखलं नाही. का ओळखावं? सरपंच, पाटील खुर्च्यांवर बसले. दाराबाहेर तांड्यातली दोन-चार माणसं उभी राहिली, साहेब पाहायला. माझ्याशी साहेब 'मास्तर, तुम्ही' असं बोलत होते.

पाढे विचारले. पोरं अडखळली. साहेबांच्या कपाळाला आठ्या. मग त्यांचं लक्ष जमनीकडं गेलं. ओढणीकडं, हातातल्या बांगड्यांकडं. त्यांनी तिला उभं केलं. पंचेचाळीस लिही, म्हणाले.

जमनी पाटी घेऊन उभी राहिली. मी शिकवलं तेच तिनं केलं.

"जुडी केवढी धरू, साहेब?"

प्रश्न बरोबर होता. त्या खोलीत त्या दिवशी विचारला गेलेला एकच बरोबर प्रश्न. साहेबांना वाटलं पोरगी उर्मट आहे, नाहीतर मठ्ठ. ते ओरडले, जुडी काय विचारतेस, लिही म्हटलं ना.  भीती वाटली की माणूस आपल्या बोलीत शिरतो. तिनं २५ लिहिलं.

साहेब खुर्चीत मागं रेलून हसले. सरपंच हसले. पाटील हसले. आणि साहेबांना किस्सा आठवला. माझ्या शाळेत पण असाच एक लमाण्याचा पोरगा होता, ते सांगायला लागले, आणि मी माझाच किस्सा माझ्याच वर्गात उभा राहून शेवटापर्यंत ऐकला. आईनं हात जोडले, तिथं ते सगळ्यात जास्त हसले. मग माझ्याकडं वळले. म्हणाले, सुतळी आणा मास्तर, हिच्याही गळ्यात बांधा, बघा कशी सुधारते.

सुतळी टेबलावरच होती. जुड्या बांधायची.

"बांधणार नाही," मी म्हणालो.

त्यांना वाटलं त्यांनी चुकीचं ऐकलं. मी पुन्हा म्हणालो. आणि मग म्हणालो, "तो पोरगा मी आहे साहेब. ती माझी आई."

 मला वाटलं होतं, इतकी वर्षं वाटत होतं, की हे वाक्य कधी बोललो तर समोरच्या माणसाची मान खाली जाईल. माणसाला किती वेड्या आशा असतात. साहेबांचा चेहरा उजळला.

"अरे, तू तो? मग बघ! त्या पाटीनंच मास्तर झालास की नाही?"

तुम्ही गेलं, तू आलं. लमाणाचा आहे कळल्याबरोबर. आणि माझी सगळी वर्षं त्यांनी एका वाक्यात स्वतःच्या खिशात घातली. माझं घोकणं, माझी परीक्षा, याडीच्या मोळ्या. सरपंच माना डोलवत होते. दाराबाहेरची तांड्यातली माणसंसुद्धा कौतुकानं साहेबांकडं पाहत होती. तिथं मी फुटलो. पुस्तकी मराठी घरंगळली.

"नाही. पाटीनं मले पाढे आले, साहेब. गनित मले त्याच्या आंधीच येत होतं. तुम्ही खाली पाह्यलं असतं तं तुम्हालेई दिसलं असतं."

मग मी काड्या घेतल्या. वीस-वीसच्या दोन जुड्या आणि पाच सुट्या त्यांच्या टेबलावर मांडल्या. म्हटलं, मोजा. त्यांनी मोजल्या नाहीत. हातातल्या काठीनं बाजूला सारल्या. काड्या जमिनीवर पडल्या. जमनी खाली वाकून त्या गोळा करायला लागली. रडत नव्हती. एकेक काडी उचलत होती आणि ओठ हलत होते, मोजत होती.

साहेबांनी शेरा लिहिला. वर्ग मागासलेला, पाढे कच्चे, शिक्षक उद्धट, वर्गात लमाणी बोलीचा वापर. चहा न घेता गेले. पाटील मला म्हणाला, "काहून नडला रे बापा? बांधली असती सुतळी तं काय बिघडत होतं?"

दुसऱ्या दिवशी जमनीचा बाप आला. मला वाटलं नाव काढायला आला. म्हणाला, हसले ते कळलं. तू बांधली नाहीस तेही कळलं. तू आहेस तोवर पाठवतो.

मी होतो तोवर ती आली. मग माझ्या बदलीचा हुकूम आला, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, कळंबकडं. मी बैलगाडीत ट्रंक ठेवली त्या दिवशी ती शेवटची शाळेत आली. नव्या मास्तरानं पटावरून तिचं नाव कमी केलं. कारण लिहिलं, पालक उदासीन.

जाण्याआधी तांड्यात गेलो आणि याडीला सगळं सांगितलं. बदली का झाली ते सांगताना पाटीचंही सांगावं लागलं. ती चुलीपुढं बसली होती. भाकर तव्यावर तशीच राहिली. 

मग म्हणाली, मी हसत होते.

एवढंच. मग करपलेली भाकर उचलून तिनं बाजूला ठेवली. माझ्याजवळ तिला द्यायला काही नव्हतं. आजही नाही.

कळंबकडच्या या गावात निम्मी पोरं कोलामांची आहेत. त्यांची मोजणी मला येत नाही. पहिल्या दिवशी मी फळ्याकडं गेलोच नाही. जमिनीवर बसलो, चिंचोके मांडले आणि म्हटलं, तुम्ही घरी कसे मोजता ते मला शिकवा. पोरं एकमेकांकडं पाहत राहिली. मास्तरला शिकवायचं असतं हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मी अजून चुकतो. ती मला सुधारतात.

पाढे मी शिकवतो. दहाची जुडीही शिकवतो, चोख शिकवतो, कारण बाजार, कचेरी, परीक्षा, सगळं दहावर चालतं आणि माझ्या पोरांना त्यात कोणी फसवू नये. पण चुकीचं उत्तर दिसलं की मी पुसत नाही. आधी खाली पाहतो. मग विचारतो, कसं केलंस? उत्तर पूर्ण ऐकेपर्यंत वर्गात कोणी हसायचं नाही. पुन्हा शेरे येतील, बदल्या येतील, येऊ द्या. या जिल्ह्यात शाळा पुष्कळ आहेत, सगळीकडं जाईन. आणि माझ्या वर्गात जो न विचारता हसेल, त्याला मी दाराबाहेर काढीन. मग तो पोरगा असो की साहेब.